टाकव्याची बाउन्सर

कोमल मालपोटेनं पहिल्यांदा कुणाला उचलून आपटलं तेव्हा ती चौथीत होती. जत्रेतली दुपार होती. आखाड्यात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या चालल्या होत्या आणि तिच्या वडिलांनी, दत्तोबांनी, तिला मागून ढकलून मातीत उतरवलं. लोक हसले. समोरचा मुलगा तिच्याच वर्गातला. तोही हसला आणि हसता हसताच पाठीवर पडला. पडताना त्याची जीभ दातांखाली आली. त्याच्या तोंडातून रक्त आलेलं बघून त्याचा चुलता धावत आला आणि त्यानं सगळ्यांदेखत दत्तोबांच्या कानाखाली वाजवली. मग दत्तोबांनी डोक्याचं मुंडासं काढून बाजूला ठेवलं, आणि पुढचा बराच वेळ टाकव्याच्या त्या आखाड्यात ज्या कुस्त्या झाल्या त्यांना ना पंच होता, ना रेवड्या. कोमल मधोमध उभी होती. तिच्या फ्रॉकवर मातीत कालवलेलं रक्त होतं, आणि आजूबाजूला कुणीच हसत नव्हतं.

घरी आल्यावर बयाबाईंनी, तिच्या आईनं, आधी नवऱ्याच्या फुटलेल्या ओठाला हळद लावली आणि मग पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

"पोरीच्या जातीला शोभतं का हे?"

"शोभतं न्हाई तर काय," दत्तोबा सुजल्या तोंडानं म्हणाले, "बघितलंस का न्हाई, पाठ कशी लावली ती!"

पुढं सोमाटण्याच्या तालमीत धोंडिबा वस्तादांनी तिला घेतलं. तालीम म्हणजे पत्र्याची शेड, खाली तांबडी माती, मातीत ताक आणि तेल. पहिल्या वर्षीच कोमलचे दोन्ही कान मोडले, सुजले, आणि सूज उतरली तरी पुन्हा कानांसारखे दिसले नाहीत. नाक दोनदा फुटलं. वस्ताद हातात निरगुडीची काठी घेऊन कडेला बसत आणि पाय चुकला की पोटरीवर ती ओढत. पण त्यांचा सगळ्यात कडक नियम मारण्याचा नव्हता, सोडण्याचा होता.

"पाठ लागली की कुस्ती सपली," ते म्हणत. "हात काढायचा. उठायचं. आन पडल्याल्याला हात देऊन उठवायचं. पडल्याल्याच्या उरावर बसून ऱ्हातो त्यो पैलवान न्हवं, जनावर."

एकदा एका मोठ्या मुलीनं पाठ लागल्यावरही खालच्या मुलीचा गळा सोडला नाही. वस्तादांनी तिला उलटी होईपर्यंत जोर मारायला लावले आणि त्या उलटीवर मातीही टाकू दिली नाही. सगळ्या मुली त्या वासात उभ्या होत्या. कोमलच्या हातांनी तो धडा असा पाठ केला की डोक्याला विचारायची गरज उरली नाही. समोरच्याची पाठ टेकली की तिची बोटं आपोआप उघडायची.

विसाव्या वर्षी निवड चाचणीत तिचा उजवा गुडघा गेला. ओलं लाकूड पिळून मोडावं तसा आवाज झाला. तो तिनं एकटीनं ऐकला नाही, पंचानंही ऐकला आणि तोंड फिरवलं. ऑपरेशन झालं, चालणं जमलं, धावणंही जमलं, पण मॅटवरची कुस्ती संपली. मग ती घरी बसून शेणाच्या पाट्या उचलू लागली. पाटी उचलतानाही ती कमरेत वाकून, दम भरून, समोर माणूस असल्यासारखी उचलायची.

अशा दिवसांत लोणावळ्याचा केशव टाकव्याला आला. तो बंगल्यांना आणि रिसॉर्टांना माणसं पुरवायचा.

"पोरी पाहिजेत," तो ओट्यावर बसून म्हणाला. "पार्ट्यांना बायका-मुली येतात. त्यांनी गोंधळ घातला आणि आमच्या मुलांनी हात धरला, की वेगळाच मॅटर होतो. ताईंसारख्या दोघी-चौघी असल्या तर बरं पडेल."

"आन काय म्हनून घेनार तिला?" दत्तोबांनी विचारलं.

"बाउन्सर."

"म्हंजी?"

केशव बोलायच्या आत सत्यम, तिचा धाकटा भाऊ, मोबाईलवरून मान न काढता म्हणाला, "आबा, बाउन्सर म्हंजी डोक्यावर येतो त्यो बॉल. वाकला तर वाचला. न्हाई वाकला तर ह्ये बघा." आणि त्यानं भुवईवरचा टाक्यांचा व्रण दाखवला.

बयाबाईंना वेगळाच अर्थ ठाऊक होता. "पतसंस्थेत म्हनत व्हते की, चेक बाउन्स झाला. म्हंजी गेल्याला परत आला."

"व्हय आई, पन त्यो अर्थ येगळा," कोमल म्हणाली.

"मला त्योच बरा वाटतो. गेलीस की परत यायचं."

अशी ती बाउन्सर झाली. काळी पँट, काळा टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत तो शब्द. पहिलंच काम निघालं ते एका बैलाचं. बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात, एका गाडामालकानं आपल्या नावाजलेल्या बैलाभोवती बाउन्सर उभे करायचे ठरवले होते. लोक फोटोसाठी बैलाच्या अंगावर पडत, आणि शेजारच्या मालकाकडं चार बाउन्सर होते म्हणून याला सहा हवे होते. कोमल बैलाच्या शेपटीकडं उभी राहिली. गर्दी रेटली तसा बैल बुजला आणि त्यानं मागच्या पायानं एका दाढीवाल्या बाउन्सरची नडगी फोडली. तो खाली बसून लहान मुलासारखा रडला. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा दत्तोबा पोट धरून हसले. "बैलाला बाउन्सर! आन बाउन्सरला कोन मग?"

मावळात तोवर हा शब्द चांगलाच रुळला होता. लग्नाच्या वरातीत नवरदेवापुढं बाउन्सर, पुढाऱ्याच्या गाडीमागं बाउन्सर, बारशाला पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाउन्सर. त्यातल्या निम्म्यांना कुणी धक्का दिला असता तर ते पडले असते. या शब्दाची मुळं कोमलला सांगितली ती इंदिराबाईंनी. या तळेगावच्या निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या. लोणावळ्यातला त्यांचा छोटा बंगला त्या भाड्यानं द्यायच्या. एका रविवारी सकाळी पार्टी उठून गेल्यावर कोमल व्हरांड्यातल्या काचा गोळा करत होती आणि बाई पायरीवर बसून तिच्या पाठीवरचं अक्षर न् अक्षर वाचत होत्या.

"तुला गंमत सांगू? जुन्या इंग्रजीत बाउन्सर म्हणजे फुशारक्या मारणारा. दमदाटी करणारा. भलीमोठी थाप मारली तर त्या थापेलाही बाउन्सरच म्हणायचे. त्याहूनही मागे गेलं तर मूळ क्रियापद उसळण्याचं नव्हतंच, धपाधप मारण्याचं होतं. चेंडू, दारूच्या गुत्त्यातून गिऱ्हाइकाला बाहेर फेकणारा माणूस, हे सगळं पुष्कळ नंतरचं."

"म्हंजे आधी थापाड्या, मग मारकुटा?"

"आधी मारणं, मग मारण्याच्या बाता, मग मारण्याची नोकरी. असं म्हण हवं तर." बाई हसल्या. "यातली तू कोण?"

कोमलनं काचेचा तुकडा उजेडात धरून पाहिला. त्याच्या कडेला कुणाच्या तरी टाचेचं वाळलेलं रक्त होतं. "मी मारत न्हाई, बाई. मी फक्त धरते आन गेटपर्यंत नेते."

आणि ते खरं होतं. हात आधी उचलायचा नाही, हे ती पहिल्याच महिन्यात शिकली. तळवे उघडे ठेवून समोर जायचं. डोळ्यांकडं नाही, हातांकडं बघायचं. माणूस शर्ट काढू लागला की तो बोलणार आहे. चप्पल काढू लागला की मारणार आहे. बाटली मधोमध धरलेली असेल तर पिणार आहे, मानेजवळ उलटी धरली तर नाही. तिला चावलेलं होतं, तिच्यावर ओकलेलं होतं, एका बाईनं नखांनी तिच्या गालाची साल काढली होती. त्या बाईला तिनं खांद्यावर टाकून गाडीत ठेवलं आणि तिच्या सँडली शोधून आणून शेजारी ठेवल्या.

कामाच्या दुसऱ्या वर्षी औंढ्याची सृष्टी तिच्यासोबत आली. पोरगी उंच, खांद्यांनी रुंद, शाळेत कबड्डी खेळलेली. पण मातीतली नव्हे. तिला बाप नव्हता. आई, भागुबाई, भाताची खाचरं एकटीनं ओढायची. पोरीला कामावर घ्यायचं ठरलं त्या दिवशी भागुबाई कोमलला बांधापर्यंत सोडायला आल्या.

"माझी पोर अंगानं मोठी हाय, मनानं न्हाई. काय बी बोललं तरी हसती. तुझ्या हवाली करत्ये बघ."

"मावशी, तिच्या अंगाला कुनाचं बोट लागायचं न्हाई."

असं बोलायला नको होतं, हे तिला तेव्हाच जाणवलं. त्या कामात असा शब्द कुणी कुणाला देत नाही. पण भागुबाईंच्या चिखलानं फुटलेल्या पायांकडं बघून तो तोंडातून निघून गेला.

मे महिन्यातली ती दुपार. तुंगार्लीच्या बाजूचा बंगला, मागं पोहण्याचा हौद, भोवती गुळगुळीत पांढरी फरशी. बुकिंग वाढदिवसाचं होतं आणि सहकुटुंब येणार असं सांगितलं होतं, म्हणून केशवनं दोघींना पाठवलं. आले ते सगळे बाप्ये. आठ-नऊ जण, तिघांच्या गळ्यात बोटभर जाडीच्या साखळ्या. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव समर्थ. पंचविशीचा, गोरा, हसला की छान दिसणारा. आल्या आल्या त्यानं कोमलला वाकून नमस्कार केला. "ताई, आमी घरचीच पोरं. टेन्शन घेऊ नगा."

केक कापायला त्यांनी कोयता आणला होता. दांड्याला लाल रिबीन बांधलेला. असले कोयते आता वाढदिवसाला लागतातच, त्याचे फोटो काढून टाकल्याशिवाय वाढदिवस झाला असं वाटत नाही. कोमलनं हात पुढं केला.

"ह्यो माझ्याकडं द्या. केकला सुरी देते."

"काय ताई! बर्थडेचा कोयता हाय. धार बी न्हाई त्याला."

"कापून झाला की मला पायजे."

"देतो की. आई शप्पत."

केक कापला. मग रीतीप्रमाणं वाढदिवसाच्या पोराला अंडी फोडायला सुरुवात झाली. समर्थ पिवळ्या बलकानं माखला, ओरडला, हसला. गेटवर उभी केलेली केशवची दोन मुलं जेवायला खाली टपरीवर गेली होती. ट्रेमध्ये अजून अंडी उरली होती आणि पोरांच्या पोटात तोवर बरीच दारू गेली होती. त्यातल्या एकानं सृष्टीच्या पाठीवरचं मोठ्यानं वाचलं.

"बा-उन्-सर! आरं, हितं बाउन्सर उभाय. टाका की एक!"

पहिलं अंडं तिच्या डोक्यावरून गेलं. सृष्टी वाकली आणि हसली.

"वाकली, वाकली! नो बॉल!"

दुसरं अंडं कानावर फुटलं. ती तरीही हसत होती, फक्त आता तिचे ओठ हलत नव्हते. कोमल हौदाच्या पलीकडून निघाली. "बास. खेळ बंद." तिचे तळवे उघडे होते. तोवर अंडी संपून बर्फ सुरू झाला होता. बर्फाचा मुठीएवढा खडा सृष्टीच्या दातांवर बसला. तिनं तोंड दाबलं आणि बोटांमधून रक्त आलं. मग स्टीलचा ग्लास आला, तो कपाळावर. सगळे ओरडत होते, "हाउज दॅट!" आणि समर्थनं सृष्टीच्या वेणीला हात घालून तिला हौदाकडं ओढायला सुरुवात केली. ती गुडघ्यांवर फरफटत होती.

"पान्यात टाकला तर बाउन्सर उसळतो का बघू!"

कोमल त्याच्याजवळ पोचली, त्याचा दंड काखेत घेतला, कंबर आत घातली आणि ढाक मारली. इतक्या वर्षांनी, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि तरी ढाक बसायची तिथंच बसली. समर्थचे दोन्ही पाय आभाळाकडं गेले आणि तो फरशीवर असा पडला की हौदातलं पाणी हललं. पाठ पूर्ण टेकली. दोन्ही खांदे टेकले.

कोमलची बोटं उघडली.

ती उठली, एक पाऊल मागं सरली आणि तिनं त्याला उठायला हात दिला.

त्यानं तो हात धरला. तो हसला, तसाच छान, आणि तिच्याच जोरावर उठून उभा राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं मागच्या टेबलावरचा कोयता घेतला. त्याच्या पात्याला गुलाबी क्रीम लागलं होतं. कोमलला ते क्रीम स्पष्ट दिसलं, त्यात रुतलेली एक चेरीही दिसली, आणि आपला उजवा हात अजून त्याच्या हातात अडकलाय हे तिला त्यानंतर कळलं. वार तिच्या मानेवर येत होता. तो मध्येच सृष्टीच्या हातावर पडला. सृष्टी कधी उठली, कधी मध्ये आली, हे कुणालाच समजलं नाही. तिनं पातं तळव्यात पकडलं होतं, जसा एखादा चेंडू झेलावा. मग त्यानं कोयता मागं ओढला.

धार नाही म्हणत होते. धार होती.

पुढचं कोमलला सलग आठवत नाही. जे आठवतं ते तिनं नंतर जसंच्या तसं सांगितलं. एकेरी पट काढून, त्याचा एक पाय ओढून, तिनं त्याला तोंडावर पाडलं. त्याचा कोयत्याचा हात पाठीवर दुमडला. कोयता सुटून हौदात गेला. तरी तिनं हात वर रेटला. "सोड, ताई," तो म्हणाला. तिनं रेटला. "चुकलं, सोड, आईची शपत," तो म्हणाला, आणि तेव्हा कोपरात आवाज झाला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तो किंचाळला. तिनं त्याला उताणा केला, छातीवर बसली आणि मनगटाचं हाड त्याच्या गळ्यावर आडवं टाकलं. आता पाठ टेकली होती, पण बोटं उघडायला तयार नव्हती. त्याच्या मित्रांनी तिच्या पाठीत खुर्ची घातली, ती मोडली. कुणी डोक्यात बाटली मारली, तिचं रक्त त्याच्या चेहऱ्यावर गळायला लागलं, आणि त्या रक्ताखाली त्याचा चेहरा निळा पडत चाललेला तिला दिसत होता. तिला वाईट वाटत नव्हतं. भीती वाटत नव्हती. तिला फार शांत वाटत होतं.

मग तिच्या केसांना हिसका बसला.

"ताई! त्यो मरंल! ताई, सोड त्याला!"

सृष्टी होती. एक हात पोटाशी घट्ट धरलेला, टी-शर्ट ओला आणि जड झालेला, दुसऱ्या हातानं ती कोमलचे केस मुळापासून ओढत होती. तिची तीन बोटं विचित्र लोंबत होती. ती बघितली आणि कोमल त्या छातीवरून उठली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तिन्ही बोटं वळवणाऱ्या आतल्या दोऱ्या कापल्यात. जोडल्या आहेत. बोटं वळतील की नाही हे आत्ता सांगता येत नाही.

भागुबाई बाकड्यावर बसल्या होत्या. शेतातूनच आल्या होत्या, पदराला गवताची कुसळं चिकटलेली. कोमलच्या डोक्याला टाके पडले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मावशी…"

"तू त्याला पाडला व्हतास म्हनं," भागुबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "सृष्टी सांगत व्हती. पाडला व्हतास, मंग सोडलास कशापाय?"

भागुबाईंनी पदराचं एक कुसळ उपटून खाली टाकलं.

"उठवलास म्हनं. हात देऊन."

"व्हय."

"माझी पोर तुझ्या हवाली केलती म्या. त्याला काय म्हनून हात दिलास?"

याला उत्तर होतं. तालीम, वस्ताद, त्या उलटीचा वास, सगळं उत्तर कोमलच्या तोंडात आलं, पण त्या बाईसमोर उभं राहून ते बोलण्यासारखं नव्हतं.

पोलीस ठाण्यात समर्थचा चुलता आला होता. श्रीपती त्यांचं नाव. पांढरी टोपी, मऊ आवाज, गावात भांडणं मिटवणारा माणूस म्हणून नाव असलेला. ते कोमलला अंगणातल्या झाडाखाली घेऊन गेले.

"पोरी, तू बी मातीतली, आमी बी मातीतली. पोराचं चुकलं. पर त्याचा बी हात गेलाय. कोपर तीन जागी फुटलंय म्हनत्यात. गळ्याला वळ हायत. तू तक्रार केलीस, तर त्यो बी करनार, जिवावर उठलीस म्हनून. तुजंच कलम जड पडंल. त्यापरीस सरळ करू. आमी म्हनतो फरशीवर घसरून पडला. तुमी म्हना पोरीचा हात काचंवर पडला. आमचं बी गेलं, तुमचं बी गेलं. फिटंफाट."

"आन त्या पोरीची बोटं?"

"देवाची करनी. दवाखान्याचं आमी बघतो."

दत्तोबा शेजारीच उभे होते. त्यांनी कोमलचा दंड धरला. "पोरी, ऐक. तुरुंगात जाशील. म्हातारे म्हनत्यात ते काय वाईट न्हाई."

तिला वाटलं, ही माणसं बरोबरच बोलतायत. घसरून पडला, असं एकदा म्हटलं की तिचं मारणं पुसलं जातं. पण त्याबरोबर तिनं दिलेला हातही पुसला जातो, त्या हातापुढचा कोयताही, आणि मग सृष्टी तळव्यानं पातं धरून मध्ये आली ते कशासाठी? कुणासाठीच नाही. एक धांदरट पोरगी काचेवर पडली.

"आबा, हात सोडा," ती म्हणाली, आणि आत गेली.

टेबलामागच्या बाई-अधिकाऱ्यानं विचारलं, "व्यवसाय?"

"बाउन्सर."

"सुरक्षारक्षक लिहिते."

"लिहा. नाव काय बी लिहा. बाकीचं मी सांगते तसं लिहा." आणि तिनं सगळं सांगितलं. अंडी, बर्फ, ग्लास, वेणी. "पहिल्यांदा पाडला तवा मी त्याला सोडला, म्हनून त्यानं कोयता घेतला. दुसऱ्यांदा त्यो सोड म्हनत व्हता. मला ऐकू येत व्हतं. तवा मी सोडला न्हाई. हात मीच मोडला. सृष्टीनं ओढली नसती तर त्यो मेला असता."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "हे शेवटचं सांगायची गरज आहे का? नीट विचार करा."

"ते न्हाई सांगितलं तर पहिलं पन खोटं वाटंल."

दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. समर्थ हाताला प्लॅस्टर असतानाच आत गेला. कोमलही आत गेली आणि जामिनावर सुटली. केशवनं फोन केला. म्हणाला, ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण असं रेकॉर्ड असलेलं माणूस मी बंगल्यावर उभं करू शकत नाही. टी-शर्ट परत द्यायला सांगितला नाही, तेवढं बरं केलं. तो रक्तानं असा वाळला होता की उभा केला असता तर उभा राहिला असता. बयाबाईंनी तो चुलीत घातला. टाकव्यात पोरं आता एकमेकांना दम देतात, "कोमलताईला सांगीन हां, बाउन्सर करंल तुजा." म्हणजे नेमकं काय करेल ते कुणी सांगत नाही. शर्यतीच्या घाटातून, हौदाच्या फरशीवरून, इंदिराबाईंच्या पायरीवरून फिरून आलेला तो शब्द असा पुन्हा मारण्यापाशी येऊन बसला आहे.

वडगावच्या कोर्टात तारखा पडतात. त्या दिवशी श्रीपती समोरच्या बाकावर बसतात आणि तिच्याकडं बघत नाहीत.

बाकीच्या दिवशी सकाळी कोमल औंढ्याला जाते. सृष्टीच्या हातावरची पट्टी निघाल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी बोटं कशी वळवायची ते दाखवलं होतं. रोज करावं लागतं, दुखलं तरी थांबायचं नाही, थांबलं तर बोटं अशीच काठीसारखी राहतील, असं सांगितलं होतं. भागुबाईंनी दोन दिवस करून पाहिलं. पोर ओरडली की त्यांचे हात गळून पडायचे. तिसऱ्या दिवशी कोमल दारात येऊन उभी राहिली. भागुबाईंनी खुरपं घेतलं आणि तिच्या बाजूनं खाचराकडं निघून गेल्या. कोमलनं ते आत येण्याची परवानगी म्हणून घेतलं.

कोमट पाण्यात हात बुडवायचा, पुसायचा, मांडीवर घ्यायचा. मग मधलं बोट धरून हळूहळू तळव्याकडं आणायचं, आणि दुखतं तिथं थांबायचं नाही.

"आई गं! ताई, बास!"

"अजून."

"मरशील, भवाने! सोड!"

"शिव्या घाल. हात ढिला ठेव."

सृष्टी पहिल्यांदा रडायची, मग शिव्या द्यायची. आता तिला औंढ्याच्या घाटातल्या ट्रकवाल्यांना लाजवतील अशा शिव्या येतात. हसणं तिनं सोडून दिलं आहे. कुणी काही बोललं तर ती त्याच्याकडं सरळ बघते. आज कोमलनं बोट कालच्या जागेपुढं रेटलं आणि आतून काहीतरी ताणून तुटल्यासारखं झालं. सृष्टी किंचाळली आणि तिनं चांगल्या हातानं कोमलच्या तोंडात सगळ्या ताकदीनं भडकावली. मोडक्या कानावर. कोमलच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. खाचरात वाकलेल्या भागुबाई उठून उभ्या राहिल्या आणि घराकडं बघू लागल्या.

कोमलनं बोट सोडलं नाही. कान सुन्न झाला होता, तोंडात रक्ताची चव होती. तिनं तळव्याकडं पाहिलं. बोटाचं टोक अजून तळव्याला लागलं नव्हतं. मधे अजून एखादा दाणा ठेवता आला असता, भाताचा नाही, पावट्याचा.

"झालं का?" सृष्टीनं हुंदके आवरत विचारलं.

"ह्याचं झालं," कोमल म्हणाली, आणि तिनं शेजारचं बोट हातात घेतलं.